ओळख होईपर्यंत मारू नका, खाऊ नका



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले, वही मिटली आणि मी विषय काढला. म्हटलं, रोज काम करताना आपल्या अवतीभवती जे बारके जीव दिसतात, किडे, कोळी, अळंबी, त्यांच्याविषयी एकदा रेडिओवर बोलावं म्हणते. त्यावर एक काकू पटकन म्हणाल्या, "अगं, आम्हाला मान वर करायला फुरसत नाही, आणि तू खाली किडे बघायला सांगतेस!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पण काकूंचं म्हणणं खरंच आहे. पहाटे उठल्यापासून झाडलोट, पाणी, चूल, गोठा, डबा, मग शेत, परत सरपण, परत चूल. यात किडे बघायला वेगळा वेळ कुठून आणायचा? म्हणून आज मी वेगळा वेळ मागणारच नाहीये. खुरपताना आपली नजर जमिनीपासून हातभर अंतरावर असते. भाजी तोडताना पान आपल्या बोटांत असतं. शास्त्रज्ञ भिंग घेऊन गुडघ्यावर बसतात तेव्हा जिथं पोचतात, तिथं आपण रोज असतोच. फक्त समोर दिसलेल्या जिवाची ओळख विचारायची सवय लावायची. ती नसली तर काय होतं, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

माझी चवळी आणि माझी चूक

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या बांधावरच्या चवळीवर काळा मावा पडला. शेंडे मावळले, शेंगा चिकट झाल्या. त्याच पानांवर मला बारक्या काळ्या अळ्या दिसल्या. अंगावर काटे, नारिंगी ठिपके, सहा पाय, सुसरीच्या पिल्लासारखं लांबट अंग. दिसायलाच इतक्या वाईट की मी ठरवून टाकलं, चवळी याच खातात. दोन दिवस बसून वेचून वेचून चिरडल्या. मावा काही कमी होईना. मग फवारणी केली. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा मावा आला, पहिल्यापेक्षा जास्त.

पुढं शेतीशाळेत एक चित्र दाखवलं. तीच काळी, ठिपक्यांची अळी! खाली नाव लिहिलेलं, ढालकिडा. म्हणजे आपण लहानपणी तळहातावर चालवायचो ना, तो लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचा किडा, त्याचीच ती पोरं. ढालकिडाही मावा खातो आणि त्याची अळी तर जास्त खाते. एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा फस्त करते. मी माझ्या चवळीचे राखणदार माझ्याच हातानं मारले होते.

आणि फवारणीनंतर मावा वाढला कसा? त्याचंही कारण आहे. माव्याची मादी नराशिवायच पिल्लं देते, अंडी नाही, थेट पिल्लं. उबदार हवेत ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः आया होतात. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून मोठं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. फवारणीत दोघंही मेले, तर उरलासुरला मावा भराभर वाढतो आणि त्याला खाणारा मागं पडतो.

तेव्हापासून मी पान उलटून बघते. पानाखाली पिवळी, लांबट, उभी लावून ठेवल्यासारखी अंडी एका झुबक्यात दिसली, तर बहुधा ती ढालकिड्याची. केसाएवढ्या बारीक दांडीवर एकेक पांढरं अंडं दिसलं, तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार हिरव्या पंखांच्या किड्याचं. त्याची अळीसुद्धा मावा खाते. माव्यातच काही फुगलेले, भुरकट, कोरडे दिसले, पाठीला भोक असलं, तर समजायचं की आतून बारीक गांधीलमाशीसारखा जीव बाहेर पडून गेलाय. त्यानं माव्याच्या पोटात अंडं घातलं होतं. हे सगळं बघायला मला चवळी तोडता तोडता मिनिटभर पुरतं.

आणि चवळीवर मुंग्यांची रांग लागली असेल तर त्या झाडावर मावा नक्की शोधा. मावा झाडाचा रस पितो आणि गोड चिकट पाणी टाकतो. मुंग्या ते चाटतात आणि बदल्यात माव्याला राखतात, ढालकिडा आला तर हुसकावतात. आपण गाई राखतो तसंच. त्याच चिकट पाण्यावर पुढं काजळीसारखी काळी बुरशी चढते.

घरात आणि गोठ्यात

आता जरा मागं, सकाळकडं जाऊ. तुमच्या खिडकीच्या चौकटीत किंवा देवळीत मातीचं सुपारीएवढं मडकं चिकटलेलं असतं. मुलं म्हणतात कुंभारीण आली. कुंभारीण माशी तोंडानं ओला चिखल आणते, मडकं घडवते, आत अंडं घालते. मग पिकावरच्या, झाडावरच्या अळ्या डंख मारून लुळ्या करते आणि त्या मडक्यात भरून तोंड बंद करते. अळी मरत नाही, नुसती हलत नाही, म्हणून सडतही नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला ताजी शिदोरी. तिच्यासारख्याच काही माश्या अळ्यांऐवजी कोळी भरतात. या माश्या एकेकट्या राहतात, पोळ्यावरच्या गांधीलमाश्यांसारख्या झुंडीनं अंगावर येत नाहीत. झाडताना मडकं पाडायच्या आधी बघा. त्याला भोक पडलेलं असेल तर पोर उडून गेलंय, खुशाल पाडा. बंद असेल तर चार दिवस राहू द्या.

गोठ्यात शेण भरताना शेणकिडा दिसतो. काही जाती शेणाचे गोळे करून ढकलत नेतात, काही शेणाखालीच भुयार करून शेण आत ओढतात. त्यात अंडं घालतात. आपल्याला काय फायदा? शेण जमिनीत जातं, माती भुसभुशीत होते, पाणी मुरतं आणि उघड्या शेणावर वाढणाऱ्या माश्याही कमी होतात. 2013 साली आफ्रिकेतल्या शेणकिड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळा ढकलताना हा किडा सरळ रेषेत कसा जातो ते बघायला शास्त्रज्ञांनी त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची बारकी टोपी घातली. टोपी घातल्यावर तो भरकटला. चंद्र नसलेल्या रात्री तो आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ओळखतो, असं त्यांना आढळलं. शेणातल्या किड्याची नजर आभाळात! हे मी आमच्या गोठ्यात सांगितलं तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कितीतरी वेळ त्या किड्याकडं बघत उभ्या राहिल्या.

पण मैत्रिणींनो, बारकं ते सगळं भलं असं मी म्हणत नाही. उकिरड्यावरचं शेणखत भरताना जाड, पांढरी, अर्ध्या बांगडीसारखी वाकलेली अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. ती पिकाची मुळं खाते. शेणखत शेतात पसरायच्या आधी ती वेचून काढायची.

बांधावर

मृग निघाला की लाल मखमली किडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. मृगाचा किडा. त्याचे पाय कधी मोजलेत? आठ आहेत. म्हणजे तो कोळ्याच्या नात्यातला. वर्षातला बराच काळ तो जमिनीखाली असतो, पहिल्या पावसानं माती मऊ झाली की वर येतो. इतर किड्यांची अंडी, वाळवी असलं त्याचं खाणं. औषध म्हणून, तेल काढायला म्हणून त्याला गोळा करतात, विकतात. मुलं डबीत भरतात. हातावर घ्या, बघा, आणि जिथं सापडला तिथंच सोडा.

बांधावर दगड उचलला की वाणी किंवा गोम दिसते. दोघींना खूप पाय, म्हणून गल्लत होते. वाणीचं अंग गोल, ती सावकाश चालते, हात लावला की पैशासारखं वेटोळं करते. म्हणून तिला पैसाही म्हणतात. तिला अंगाच्या बहुतेक प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या असतात. ती कुजलेला पाला खाते आणि त्याची माती करते. मात्र पेरणीनंतर कधी कधी संख्येनं वाढली तर सोयाबीन, कपाशीचे कोवळे कोंबही कुरतडते. गोम चपटी, चपळ, कड्याला पायांची एकच जोडी. ती शिकारी आहे, चावते, आग होते. म्हणूनच सांगते, दगडाखाली, पेंढीखाली, सरपणात एकदम हात घालू नका. आधी काठीनं हलवा, बघा, मग हात घाला. विंचू आणि मण्यारही अशाच जागा शोधतात. बघण्याची सवय इथं आपला जीव वाचवते.

मक्यातली पांढरी अळी

आता पिकात जाऊ. मक्यावरची लष्करी अळी 2018 साली भारतात पहिल्यांदा कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी आपल्याकडंही पोचली. तिनं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. पण ढगाळ, दमट दिवसांत मक्याच्या किंवा सोयाबीनच्या पानावर एखादी अळी पिठात बुडवल्यासारखी पांढरी, ताठ होऊन चिकटलेली दिसते का बघा. दोन दिवसांनी तिच्यावर फिकट हिरवी भुकटी येते. ही रोगट अळी आहे आणि तिचा रोग आपल्या फायद्याचा. नोमुरिया नावाची बुरशी तिच्या अंगावर पडते, कातडीतून आत शिरते, आतून तिला खाते आणि मग बाहेर येऊन हिरव्या भुकटीच्या रूपात वाऱ्यावर पसरते. ती भुकटी दुसऱ्या अळ्यांवर पडली की त्याही मरतात. पिकाला ही बुरशी काही करत नाही.

म्हणजे बुरशी दिसली की लगेच बुरशीनाशक, असं नको. पिकाच्या पानावर डाग पाडणारी बुरशी वेगळी आणि अळीच्या अंगावर वाढणारी वेगळी.

आमच्या गटातल्या काही जणींनी आता एक रीत धरली आहे. फवारणीची गोष्ट निघाली की आधी शेतात पाच वेगवेगळ्या जागी थांबायचं, प्रत्येक जागी चार-पाच झाडं बघायची. किती अळ्या जिवंत, किती पांढऱ्या पडलेल्या, किती मावा, किती ढालकिडे, किती कोळी. आकडे वहीत लिहायचे आणि ती वही कृषी सहायकांना दाखवायची. कधी फवारावंच लागतं. पण कधी आठवडाभर थांबलं तरी चालतं आणि औषधाचे, मजुरीचे पैसे वाचतात. आणि घरात "थांबू या" म्हणायला आपल्या हातात आकडे असतात. नुसतं "मला वाटतं" म्हटलं की आपलं कुणी ऐकत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल.

वारूळ आणि अळंबी

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. नागपंचमीला आपण वारुळाची पूजा करतो, त्या दिवशी जमीन खणत नाही. वारूळ साप बांधत नाही, वाळवी बांधते. साप रिकाम्या बिळात आयता येऊन राहतो. आणि या वाळवीची खरी गंमत आत आहे. वारूळ करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच वाळव्या शेतकरीण आहेत. वाळलेला पाला, गवत, लाकूड त्या कुरतडून आत नेतात, त्याची मऊ, भोकाभोकांची गादी करतात आणि तिच्यावर बुरशी वाढवतात. वाळलेलं लाकूड पचवायला जड. बुरशी ते मऊ करते आणि वाळवी ती गादी आणि बुरशी खाते.

बुरशीचं खरं अंग म्हणजे जमिनीतले, लाकडातले बारीक पांढरे धागे. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे त्या धाग्यांचं फळ, आंब्याच्या झाडाला आंबा तसं. पाऊस चांगला मुरला की वारुळातल्या बुरशीला फळं येतात आणि छत्र्या जमिनीवर डोकावतात. कुणाकडं त्यांना अळंबी म्हणतात, विदर्भात सात्या, टेकोडे म्हणतात, गोव्यात अळमी. त्यांची वाट बघणारी माणसं वर्षानुवर्षं तीच जागा लक्षात ठेवतात. छत्रीच्या खालच्या पडद्यांतून डोळ्यांना न दिसणारं बी पडतं. या जातीच्या बऱ्याच वाळव्यांची नवी वारुळं ते बी बाहेरूनच गोळा करून आणतात. म्हणून जुनी माणसं सगळी अळंबी खुडत नाहीत. काही पूर्ण उमलू देतात आणि वारूळ कधी फोडत नाहीत. त्यामागं हे कारण आहे.

आता माझी दुसरी गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी गोठ्यामागच्या गवतातून पांढऱ्या, मोठ्या, वर तपकिरी खवले असलेल्या छत्र्या ओटीत भरून आणल्या. माहेरी आम्ही अळंबी खायचो, मला वाटलं त्यातलीच. आत्याबाईंनी एक उचलली, उलटी करून बघितली, आणि सगळ्या उकिरड्यावर टाकल्या. मला रडूच आलं. आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, जिची ओळख नाही ती ताटात घ्यायची नाही. तुझ्या माहेरची अळंबी तुझ्या माहेरच्या वारुळावर." आज मला कळतं, त्या छत्र्यांसारखी दिसणारी एक जात गवतात, गोठ्याच्या आसपास सर्रास उगवते. तिच्या खालचे पडदे जून झाले की हिरवट होतात, कोवळेपणी मात्र पांढरेच असतात. ती खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, माणूस पार गळून जातो.

याहून वाईट जातीही जगात आहेत. अळंबीच्या विषानं जे मृत्यू होतात, त्यांतले बहुतेक ॲमानिटा नावाच्या कुळातल्या काही जातींमुळं होतात. त्यांचं विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. आणि त्यांची फसवणूक अशी, की खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात, चला, उतरलं. पण आत यकृत निकामी होत असतं.

म्हणून काही समजुती आजच सोडून द्या. चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे अळंबी चांगली, हे खोटं. लसूण किंवा हळद टाकून रंग बदलला नाही म्हणजे चांगली, हेही खोटं. किड्यानं, गोगलगाईनं खाल्ली म्हणजे आपल्याला चालेल, हेही खोटं. गोगलगाईला जे पचतं ते माणसाला पचेलच असं नाही. वारुळाजवळ उगवली एवढ्यावरही विसंबू नका. आणि रेडिओवर ऐकून किंवा मोबाइलवरचा फोटो बघून तर अजिबात खाऊ नका.

चुकून कुणी खाल्लीच आणि त्रास झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा. उरलेली अळंबी, कच्ची किंवा शिजवलेली, कागदात गुंडाळून सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कळेल. ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना दाखवा, बरं वाटत असलं तरी. किती वाजता खाल्ली आणि किती वाजता त्रास सुरू झाला, हे आठवून सांगा.

अळंबी खायची हौस असेल तर ढिंगरी लावा. खात्रीचं बियाणं आणायचं, भाताच्या, गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या काडावर पिशवीत वाढवायची. कितीतरी महिला गट हा उद्योग करतात. रानातल्या छत्र्या बघायला ठेवा. बघण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ आहे. ओल्या सरपणावर कानासारख्या, पंख्यासारख्या उगवतात, वाळलेलं लाकूड मातीत मिळवतात. भीमाशंकरच्या जंगलात तर भर पावसाळ्यात काही कुजकी लाकडं अंधारात हिरवट उजळतात. तीही बुरशीच.

एक पान वहीचं

बैठकीत बोललेल्या काकूंनी मला मागच्या आठवड्यात बांधावरून हाक मारली. "अगं ये बाई, ही बघ तुझी सुसरीची पोरं!" त्यांच्या वालाच्या वेलावर सात अळ्या होत्या. त्यांनी मोजल्या होत्या. काम तसंच चालू होतं, वेल तोडणं थांबलं नव्हतं.

तुम्हीही एवढंच करा. गटाच्या वहीचं शेवटचं पान मोकळं सोडा. जिला जे दिसेल तिनं ते लिहायचं किंवा लिहून घ्यायचं. तारीख, जागा, झाड कोणतं, जीव कसा दिसत होता, काय करत होता. नाव माहीत नसलं तरी चालेल. गटातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांना जुनी नावं ठाऊक असतात. ती नावंही लिहून ठेवा. चार पावसाळ्यांनी तुमच्याकडं तुमच्या शिवाराची अशी नोंद असेल जी दुसऱ्या कुणाकडं नाही.

आणि पान उलटून बघितल्याशिवाय फवारू नका. जिची ओळख पटली नाही अशी अळी चिरडू नका आणि अशी अळंबी ताटात घेऊ नका.

तुमच्या वहीत काय काय जमलं ते आम्हाला जरूर कळवा. आपण ते इथंच, याच वेळेला वाचू. तोवर रामराम मैत्रिणींनो.